कूलंट बदलायचा रविवार

पहाटे साडेपाच

एप्रिलचा शेवटचा आठवडा. राळेगावात या दिवसांत अंगणातलं काम उजाडताच हाती घ्यावं लागतं. दहा वाजले की फरशी चटके द्यायला लागते. गाडी काल संध्याकाळीच कडुनिंबाखाली, सपाट जागा बघून उभी केली होती. रात्रभरात इंजिन पार निवतं आणि या कामाची पहिली अट तीच आहे. बोनेट उघडून रेडिएटरवर तळहात टेकवला. गार.

सामान रात्रीच काढून ठेवलेलं: पक्कड, पेचकस, दहा-बाराचे पाने, नरसाळं, रबरी हातमोजे, पसरट टब आणि घट्ट झाकणांचे रिकामे कॅन. बॅटरीच्या दुकानातून आणलेलं डिस्टिल्ड वॉटर. पाणी न मिसळलेलं कूलंट, एकेक लिटरचे तीन डबे. रेडिएटर फ्लशची बाटली. आणि आरओच्या पाण्याचे दोन जार. जारवाला पोरगा काल उतरवताना म्हणाला, "पाहुणे येऊन रायले का ताई?" गाडीसाठी आहेत म्हटल्यावर त्यानं दोनदा माझ्याकडे पाहिलं.

सहा

रेडिएटरचं झाकण दाबून फिरवलं. पहिल्या खाचेशी थांबायचं, फुस्स आवाज येतो का ऐकायचं, मग पुन्हा दाबून काढायचं. इंजिन थंड असलं तरी मी ही सवय सोडत नाही. झाकणाच्या पोटात एक स्प्रिंग, एक रबरी चकती आणि मधोमध छोटासा व्हॉल्व्ह असतो. आमची चकती कडेनं चिरलेली निघाली. म्हणजे नवं झाकण आणावं लागणार, आणि तेही याच दाबाचं. जुन्यावर ०.९ छापलं आहे.

आत बोट बुडवलं तर तांबूस, गढूळ पाणी आणि पेरावर चिकटलेला बारीक गाळ. कूलंट म्हणावं असं त्यात काहीच उरलं नव्हतं. गाडी आमच्याकडे वापरलेली आली. आधी ती वडकीच्या बाजूला नागपूर-हैदराबाद हायवेवर भाड्यानं चालायची आणि रेडिएटरमध्ये वाटेत मिळेल ते पाणी पडायचं: ढाब्यावरचं, शेतातल्या बोअरचं, कधी हापशीचं.

इथलं जमिनीखालचं पाणी जड. पांढरकवडा-झरी पट्ट्यात तर त्यात फ्लोराइड आहे, त्यानं माणसांचे दात आणि हाडं खराब झाली. तो प्रश्न मोठा आणि वेगळा. इंजिनाचा घात करतो तो चुना. पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापलं की त्याचं कार्बोनेट होतं. ते पाण्यात राहत नाही. जिथे उष्णता सगळ्यात जास्त तिथे, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या भिंतींवर, थर धरतं. थरातून उष्णता नीट बाहेर येत नाही, भिंत आणखी तापते, थर आणखी वाढतो. आपल्याकडे हे समजायला घरचा कूलर पुरे. मार्चअखेर वाळ्याच्या ताट्या नव्या लावल्या तरी जूनपर्यंत त्यांवर पांढरे पापुद्रे धरतात आणि पंप अडकायला लागतो. ते क्षार आणि हे क्षार एकच. कूलरच्या ताट्या मात्र दर वर्षी बदलता येतात, इंजिनाच्या आतल्या वाटा बदलता येत नाहीत.

साडेसहा

पुतण्या डोळे चोळत आला. त्याला आधी गाडीत बसवून हीटरची खुंटी पूर्ण गरमवर करायला लावली. "काकू, एप्रिलमध्ये हीटर?" प्रश्न बरोबर होता. विदर्भात हीटर कोण लावतं? म्हणूनच डॅशबोर्डमागच्या त्या छोट्या जाळीत वर्षानुवर्षं तेच पाणी साचून राहतं. खुंटी गरमवर नेली की बऱ्याच गाड्यांत तिचा व्हॉल्व्ह उघडतो आणि ती बाजूही धुतली जाते. चावी फिरवायची नाही, नुसती खुंटी.

मग गाडीखाली टब सरकवला आणि रेडिएटरच्या तळाचा ड्रेन प्लग हातानंच सैल केला. तो प्लास्टिकचा असतो. पक्कड लावली तर मोडतो आणि मग रेडिएटरच उतरवायची पाळी येते. आधी थेंब, मग करंगळीएवढी धार. धारेत गंजाचे चकाकणारे कण वाहताना दिसत होते. शेवटी शेवटी एक पापुद्रा आला, नखाएवढा, एका बाजूनं पांढरा आणि दुसऱ्या बाजूनं तांबडा. पुतण्यानं तो उन्हात धरून पाहिला आणि कागदात गुंडाळून ठेवला.

सगळं मोजून कॅनमध्ये भरलं. तीन लिटर निघालं. गाडीच्या पुस्तकात एकूण चार लिटर दिलं आहे, म्हणजे एक लिटर ब्लॉकमध्येच राहिलं. हा लिटर लक्षात ठेवायचा, संध्याकाळी त्याचा हिशोब आहे.

सव्वासात

प्लग बंद. फ्लशची बाटली ओतली, वरून आरओचं पाणी, झाकण लावलं, इंजिन चालू. बाटलीवर जेवढा वेळ दिला आहे तेवढाच. जास्त वेळ ठेवल्यानं जास्त साफ होत नाही. या वेळात पुतण्याला वरचा होज धरून उभं केलं. बराच वेळ तो गारच म्हणत राहिला. इंजिन तापलेलं, काटा वर सरकलेला, तरी होज गार. मग एकाएकी त्यानं हात मागे घेतला. थर्मोस्टॅट उघडला होता. ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान, गाडीप्रमाणे, ही मेणानं चालणारी झडप उघडते आणि तोवर इंजिनातच फिरणारं पाणी रेडिएटरकडे सोडते. ती उघडलीच नाही तर धुणं फक्त रेडिएटरचं होतं, ब्लॉकमधला गाळ तसाच राहतो. नुसतं होज काढून पाइपानं पाणी मारणाऱ्यांचं इथेच चुकतं.

थोड्या वेळानं पंखा लागला. तोही चालतो हे कळलं. इंजिन बंद.

पावणेआठ ते दहा

थांबणं. या कामात हात चालण्याचा वेळ थोडा, थांबण्याचा फार, आणि जे काही वाईट होतं ते कुणी थांबलं नाही म्हणून होतं. ०.९ दाबाच्या झाकणाखाली नुसतं पाणीही सुमारे ११९ अंशांपर्यंत उकळत नाही. आत १०५ अंश असले तरी ते शांत असतं. झाकण उघडलं की दाब एकदम जातो आणि तेच पाणी त्याच क्षणी वाफ होऊन अंगावर येतं. हायवेला बोनेट उघडून, हातावर दुपट्टा गुंडाळून झाकण फिरवणारी माणसं मे महिन्यात नेहमी दिसतात. दिसली की मी गाडी थांबवून सांगते. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका हेही सांगते, कारण त्यानं हेड वाकतं किंवा तडकतं.

थांबायच्या वेळात बाहेरची बाजू घेतली. रेडिएटरच्या पत्र्यांमध्ये किडे असतातच; आमच्याकडे कापूसही असतो. दिवाळीपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत गाडी हिंगणघाटच्या बाजाराला, जिनिंगच्या आवारात, कापसाच्या गाड्यांमागे उभी असते. तिथल्या हवेत तरंगणारे तंतू जाळीत ओढले जातात, त्यावर धूळ बसते, आणि सगळं मिळून नमद्यासारखा थर होतो. समोरून पाहिलं तर जाळी स्वच्छ दिसते. टॉर्च मागून लावून समोरून पाहिलं तेव्हा अर्ध्या जाळीतून उजेडच येत नव्हता. मऊ ब्रश आणि हलक्या धारेनं, इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या बाजूला, हळूहळू धुतलं. जोराची धार मारली तर पत्रे वाकतात. या एका कामानंच गाडीचं तापणं पुष्कळ कमी होईल, आणि याला ना रसायन लागतं ना पैसा.

रिझर्व्ह बाटलीही काढली. तिच्या तळाला गाळ होता आणि तोंडातून हात जात नव्हता. मूठभर तांदूळ आणि थोडं पाणी घालून खळखळ हलवली. तिसऱ्या वेळी ‘लो’ आणि ‘फुल्ल’च्या रेषा दिसायला लागल्या.

दहा

इंजिन कोमट. दुसऱ्यांदा सोडलं, या वेळी रंग सकाळपेक्षाही गडद. फ्लशनं आतलं सुटलं होतं. पुन्हा आरओचं पाणी, पुन्हा इंजिन, पुन्हा होजवर हात, पुन्हा बंद.

बाजारात जाऊन झाकण आणलं. परतताना फाटकाशी शेजारचे मिस्त्रीकाका भेटले. ट्रॅक्टर आणि जीप दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. टबकडे बघून म्हणाले, "ताई, कायले एवढा खटाटोप? उन्हाळ्यात पाणीच बरं. कूलंट त्या बर्फाच्या मुलखासाठी असते न जी."

त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते मी त्यांना तसं सांगितलंही. एथिलीन ग्लायकॉल पहिल्यांदा तयार केलं ते वुर्ट्झ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं, १८५०च्या दशकात. गाड्यांत त्याचा शिरकाव झाला तो १९२०च्या दशकात अमेरिकेत, आणि कारण थंडीच होतं: पाणी गोठून ब्लॉक फुटायचे. उष्णता वाहून नेण्यातही नुसतं पाणी कूलंटपेक्षा सरस आहे. पण हे सगळं पाणी पाणी असेपर्यंत. पाऱ्यानं पंचेचाळीस गाठलेलं, एसी चालू, पाच माणसं बसलेली, पुढे ट्रक आणि ओव्हरटेकला जागा नाही, अशा वेळी इंजिनात जिथे कुठे पाणी उकळून वाफेचा बुडबुडा होतो तिथला धातू उघडा पडतो. अर्धं ग्लायकॉल आणि अर्धं पाणी हे मिश्रण उघड्यावरच १०६ ते १०८ अंशांना उकळतं. झाकणाच्या दाबाखाली सव्वाशेच्या आसपास जातं. तो वरचा टप्पा आपल्याला हवा आहे. शिवाय गंज रोखणारी द्रव्यं डब्यातूनच येतात. लोखंडी ब्लॉक, अ‍ॅल्युमिनियमचं हेड, तांब्या-पितळेचे तुकडे हे सगळं एकाच पाण्यात भिजत असतं, आणि संरक्षण नसेल तर त्यातला कुठला तरी धातू झिजणारच.

काकांनी कागदातला पापुद्रा हातात घेतला, नखानं खरवडला. "बोअरचं हाय हे," म्हणाले. पुढे काही बोलले नाहीत. संध्याकाळी मात्र येतो म्हणाले.

दुपारी साडेबारा ते साडेतीन

या वेळेत बाहेर काम नाही. कुणी शेतावर निघालंच तर कानाला दुपट्टा आणि खिशात कांदा. वरण, पोळी, कैरीचं लोणचं खाऊन मी कॅनवर कागद चिकटवायला बसले. लाल पेनानं मोठ्या अक्षरांत: विष. पिऊ नये, ओतू नये.

हे मी अतिशय गंभीरपणे करते आणि दुसऱ्यांनीही करावं असं मला वाटतं. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं. कुत्रं ते चाटतं, मांजर चाटतं, शेळी टबात तोंड घालते. पोटात गेल्यावर यकृतात त्याचं आधी ग्लायकॉलिक आणि मग ऑक्झॅलिक आम्ल होतं, आणि कॅल्शियम ऑक्झॅलेटचे स्फटिक मूत्रपिंडात साचून ती निकामी होतात. मांजर किंवा लहान कुत्रं मरायला काही चमचे पुरतात. सुरुवातीला ते नुसतं झिंगल्यासारखं करतं, मध्ये जरा बरंही वाटतं, म्हणून घरच्यांना कळत नाही. माणसाचंही तेच. मूल प्यायलं असा नुसता संशय आला तरी उलटी करवत बसू नये. डबा सोबत घेऊन थेट मोठा दवाखाना गाठावा. याला उतारा आहे, पण तो पहिल्या काही तासांत.

आमच्या जिल्ह्याला हे वेगळं सांगायला नको. २०१७च्या पावसाळ्याअखेर कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. तरीही घराघरांत उरलेलं औषध पाण्याच्या, कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून फळीवर ठेवलेलं दिसतं. हिरवं, गुलाबी कूलंट तर सरबतासारखंच दिसतं. ते मूळ डब्यातच राहिलं पाहिजे आणि तो डबा कुलपात.

सकाळी निघालेल्या पाण्यात कूलंट जवळपास नव्हतं हे खरं, पण हायवेवरच्या कुणी काय ओतलं असेल ते कोण जाणे, आणि फ्लशचं रसायन तर त्यात आहेच. म्हणून सगळं कॅनमध्ये. नाली नाही, उकिरडा नाही, शेताचा बांध तर नाहीच. जुनं ऑइल जमा करणाऱ्या यवतमाळच्या वर्कशॉपला विचारलं, ते हेही घेतात. पुढच्या फेरीला कॅन तिकडे जातील.

टब आणि त्याखालची फरशी भरपूर पाण्यानं धुतली, ते पाणीही पोतेऱ्यानं टिपून घेतलं. शेजारची शेळी तोवर पुतण्यानं बांधून ठेवली होती.

साडेतीन

तिसऱ्यांदा सोडलं. पिवळसर, पण टबाचा तळ दिसत होता. आता डिस्टिल्ड वॉटरचं एक धुणं: भरलं, चालवलं, बंद केलं. ब्लॉकमध्ये जो एक लिटर मागे राहतो तो बोअरचा किंवा जारचा नको, एवढ्यासाठी हे. आणखी दीड-दोन तास गेले. वरचा होज दोन्ही टोकांशी दाबून पाहिला. एका क्लिपखाली रबर कडक होऊन भेगाळलं होतं. होज बदलायचा तर हीच वेळ. गाडीतलं सगळं पाणी आपण तसंही सोडतोच आहोत.

साडेपाच

शेवटची धार स्वच्छ. प्लग बंद केला, नवा होज बसवला, क्लिपा जुन्या खुणेवर.

आता सकाळचा हिशोब. चार लिटरच्या गाडीत दोन लिटर कूलंट हवं. बाहेरच निम्मं-निम्मं मिसळून तीन लिटर भरलं तर आतला एक लिटर पाणी धरून कूलंट दीडच लिटर होतं. म्हणून आधी निव्वळ कूलंटचे दोन डबे ओतायचे आणि वर एक लिटर डिस्टिल्ड वॉटर. तयार मिश्रणाचा कॅन आणणाऱ्यांचं इथेच पातळ होतं; त्यांनी सगळं नीट निचरून घेतलं तरच तो कॅन उपयोगाचा. जास्त कूलंट म्हणजे जास्त चांगलं, असंही नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाचं मर्लिन इंजिन सुरुवातीला निव्वळ ग्लायकॉलवर चालायचं. पुढे त्यांनी ३० टक्के ग्लायकॉल आणि ७० टक्के पाणी असं मिश्रण घेतलं, कारण उष्णता वाहून न्यायला पाणीच लागतं.

रंगाबद्दल दुकानात सगळे बोलतात: हिरवा साधा, गुलाबी भारी. रंग कंपनी आपल्या मर्जीनं घालते. डब्यावर प्रकार आणि मानक काय लिहिलं आहे ते पाहायचं, गाडीच्या पुस्तकाशी जुळवायचं, आणि दोन प्रकार एकमेकांत मिसळायचे नाहीत; काही जोड्यांचा आत चिकट गोळा होतो.

नरसाळ्यातून बारीक धारेनं ओतलं. धार मोठी झाली की हवा अडकते. पुतण्या खालचा होज पिळत होता, प्रत्येक पिळण्याला गळ्यापाशी बुडबुडे येत होते आणि पातळी बोटभर खाली जात होती. मग झाकण उघडं ठेवूनच थंड इंजिन चालू केलं. थर्मोस्टॅट उघडला तेव्हा एक मोठा ढेकर येऊन पातळी एकदम बसली. हीच ती अडकलेली हवा; ती राहिली तर काटा मधेच वर उडतो आणि माणूस उगाच रेडिएटरला दोष देतो. तिथवर भरलं, बुडबुडे थांबले, नवं झाकण लावलं. रिझर्व्ह बाटलीत तिसऱ्या डब्यातलं निम्म्या पाण्याचं मिश्रण ‘फुल्ल’च्या जरा खाली.

मिस्त्रीकाका आले होते. त्यांनी वाकून प्रत्येक जोडावरून कोरडं बोट फिरवलं, ड्रेन प्लगवरून दोनदा. "सुखं हाय," म्हणाले.

सात

कळंबपर्यंत जाऊन आलो, काका पुढच्या सीटवर. चिंतामणीच्या देवळाशी गाडी चालू ठेवूनच उभी केली, एसी लावून, कारण उभ्या गाडीतच खरी परीक्षा होते. काटा मध्याच्या खाली होता तिथेच राहिला. पंखा लागला, बंद झाला, पुन्हा लागला. हीटर मिनिटभर लावून पाहिला. गरम हवा आली, म्हणजे तिकडेही हवा अडकलेली नाही. काकांनी घाम पुसत तो बंद केला आणि विचारलं, "जीपले किती लिटर लागन?"

त्यांच्या जीपचं पुस्तक केव्हाच हरवलं आहे. सोडून, मोजून, मग ठरवू असं झालं. पुढचा रविवार त्यांचा.

सोमवार, पहाटे सहा

इंजिन थंड असताना पुन्हा एकदा झाकण उघडलं. पातळी गळ्यापासून पेरभर खाली. रात्री निवताना उरलीसुरली हवा निघाली आणि बाटलीतून थोडं आत ओढलं गेलं. तेवढं मिश्रण घातलं, बाटली रेषेपर्यंत भरली. गाडीखाली ठेवलेला पुठ्ठा कोरडा. बोनेटच्या आतल्या बाजूला तारीख, किलोमीटर, कूलंटचा प्रकार आणि ‘यात बोअरचं पाणी टाकू नये’ असं लिहिलेला कागद चिकटवला आणि चावी दिरांच्या हातात दिली. त्यांना नऊच्या आत हिंगणघाटला पोहोचायचं होतं.